बारा एकोणचाळीस : आठवी ‘ब’च्या प्रकल्प नोंदी

सोमवार, १६ जून २०२५

शाळा सुरू. यंदा आठवी ‘ब’, पट ४६. गणित-विज्ञान माझंच, भूगोलही आला, कारण भूगोलाच्या बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि जागा रिकामीच आहे. दुपारच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारलं, इंटरनेटवरची मोफत शैक्षणिक साधनं वर्गात वापरायचा प्रकल्प कोण घेतंय? सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. मी ‘बघते’ म्हणाले. आमच्या शाळेत ‘बघते’ म्हणजे ‘हो’ धरतात.

हाताशी काय आहे ते लिहून ठेवते. संगणक खोलीत १४ संगणक, चालू ९. प्रोजेक्टर एक, त्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळा डाग. इंटरनेट कार्यालयापर्यंत येतं, जिना चढत नाही. त्यामुळे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार, हे पुण्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

बुधवार, १८ जून

दोन दिवस रात्री बसून संकेतस्थळं चाळली. एका ‘पूर्णपणे मोफत’ स्थळाने आधी मोबाइल नंबर मागितला. दिला, चूक केली. आज दिवसभरात पाच फोन: ‘मॅडम, आपल्या पाल्यासाठी खास कोर्स.’ पाल्य बंगळुरूला नोकरी करतो म्हटलं, तरी सहावा आलाच.

नियम ठरला: मुलांना नाव-नंबर देऊन खातं उघडावं लागेल असं काहीही वर्गात आणायचं नाही. दुसरा नियम: तासाच्या पस्तीस मिनिटांपैकी पडदा जास्तीत जास्त दहा मिनिटं. तिसरा नियम: कळ दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. पेनाने. खोडरबर चालणार नाही.

या चाळणीतून उरलेलं थोडंच आहे, पण भक्कम आहे. गणिताला जिओजेब्रा, विज्ञानाला फेट, आकाशाला स्टेलॅरियम, नकाशाला गूगल अर्थ. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ म्हणून उतरवून घेतली, आकृत्या पडद्यावर मोठ्या करून दाखवता येतील. अरविंद गुप्तांच्या स्थळावरची टाकाऊतून विज्ञानाची खेळणी आहेतच. मी बी.एड.ला असताना आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीच्या काड्यांनी त्रिकोण-चौकोन जोडले होते. चौकोन डुगडुगतो, त्रिकोण नाही, हे मला पुस्तकाने नाही, त्या काड्यांनी शिकवलं. ते चित्र मुलांना नुसतं दाखवायचं नाही, काड्या आणायच्या.

सोमवार, २३ जून

पालख्या काल शहरातून पुढे गेल्या. निम्मा वर्ग अजून लक्ष्मी रस्त्यावरच होता. म्हटलं, त्यांना ओढून आणण्यापेक्षा आपणच जाऊ. गूगल अर्थवर दोन्ही पालख्यांचे मार्ग काढले. ज्ञानोबांची पालखी हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला, तुकोबांची लोणी काळभोर, यवतकडून. मी ऐटीत सांगितलं, बघा, एक डोंगर चढून जाते, दुसरी सपाटीवरून.

मागच्या बाकावरून हात वर. ‘बाई, तुकोबांच्या पालखीला पाटसच्या पुढे रोटी घाट लागतो. आजोबा दरवर्षी जातात.’ नकाशा जवळ आणला. लागतो. लांबून पाहताना तो चढ मला दिसलाच नव्हता. पुढची पाच मिनिटं तो मुलगाच पुढे उभा राहून बोलला, मी त्याच्या बाकावर बसले. गेल्या वर्षभरात या मुलाने वर्गात तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

गुरुवार, २६ जून

‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा.’ वीज नसल्यामुळे आधी कागद. प्रत्येकाने त्रिकोण कापला आणि घड्या घालून तिन्ही शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब, काढले. ज्यांचे लघुकोन होते त्यांच्या घड्या आत जुळल्या. विशालकोनवाल्यांच्या घड्या कागदाबाहेर जाऊ लागल्या, तेव्हा तक्रारी सुरू झाल्या: ‘माझा कागद चुकला.’ चुकला असं लिहून ठेवा म्हटलं.

शुक्रवार, २७ जून

आज वीज होती, जिओजेब्रा उघडलं. साल्झबर्गच्या एका विद्यार्थ्याने २००१ च्या सुमारास पदव्युत्तर अभ्यासासाठी सुरू केलेलं हे साधन. आता मोफत आणि ऑफलाइनही चालतं. त्रिकोण काढला, शिरोलंब रेषा काढल्या, आणि एक शिरोबिंदू हळूहळू ओढायला एका मुलीला बोलावलं. तिन्ही शिरोलंब जिथे मिळतात तो लंबसंपात बिंदू सरकत सरकत काठाशी आला, काटकोनाला नेमका शिरोबिंदूवर बसला आणि पुढच्या क्षणी बाहेर. वर्गातून ‘ए, गेला!’ असा आवाज, क्रिकेटमध्ये चेंडू सीमेबाहेर जातो तसा.

कालच्या ‘चुकलेल्या’ कागदवाल्यांनी वह्या उघडून आपलं वाक्य खोडलं. खोडायला परवानगी मागितली, एवढंच मला पुरे. हेच जर आधी पडद्यावर दाखवलं असतं तर मुलांनी मान डोलावून फळ्यावरचं उतरवून घेतलं असतं. आधी कागद फसावा लागला.

गुरुवार, ३ जुलै

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

भूगोलाचा पहिलाच धडा, ‘स्थानिक वेळ व प्रमाणवेळ’. एका रेखांशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्ताची, पुणे ७३° ५१′ वर. फरक ८° ३९′, म्हणजे ३४ मिनिटं ३६ सेकंद. हे गणित मुलांनी कालच केलं होतं. म्हणजे आपल्या मैदानात सूर्य डोक्यावर यायचा तो साडेबाराच्या पुढे, १२:३५ ला. ते खरं का, हे काठी रोवून बघायचं.

वीज नव्हतीच. सकाळपासून ढग. शिपाई मामांनी एक मीटरचा लोखंडी गज मैदानाच्या फरशीतल्या जुन्या खोबणीत बसवून दिला. एका मुलाचे वडील गवंडी, तो घरून ओळंबा घेऊन आला होता. गज दोन बाजूंनी तपासून म्हणाला, ‘डावीकडे झुकलाय.’ खरंच झुकला होता. दोन खपल्या ठोकून सरळ केला.

माझी पहिली कल्पना बावळट होती: सर्वांत लहान सावली कधी ते बघू. पण या दिवसांत सूर्य जवळजवळ माथ्यावरून जातो, सावली ८ सेंटिमीटरचीच असते आणि दहा मिनिटं तिच्या लांबीत फरकच कळत नाही. मग आपल्याकडची जुनी शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत. गजाभोवती खडूने २० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. सावलीचं टोक वर्तुळात शिरतं ती वेळ लिहायची, बाहेर पडतं ती लिहायची, दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे मध्यान्ह.

टोक आत शिरलं ११:५५ ला. नंतर ढग. सव्वा बारापासून एक पर्यंत सूर्य दोन-तीनदा डोकावला, तेवढ्यात एकीने ओरडून सांगितलं, ‘बाई, सावली दक्षिणेला आहे!’ मी तिला होकायंत्र परत बघायला लावलं. दक्षिणेलाच होती. लहानपणापासून आपण मुलांना सांगतो, सूर्य दुपारी दक्षिणेला असतो. जुलैच्या सुरुवातीला पुण्यात तो दुपारी उत्तरेला असतो, कारण पुणे कर्कवृत्ताच्या खाली आहे. मला हे माहीत होतं. पण त्या मुलीसारखं मी ते कधी पाहिलं नव्हतं.

१:२४ ला टोक बाहेर. डबे तसेच राहिले होते. मध्य काढला: १२:३९ आणि अर्धं मिनिट.

पुस्तकाच्या गणितापेक्षा पाच मिनिटं उशीर.

शुक्रवार, ४ जुलै

वर्गात खटला. आरोपी क्रमांक एक: माझं घड्याळ. मोबाइलशी जुळवलं, निर्दोष. दोन: गज. ओळंबेवाला चिडला, ‘मी स्वतः सरळ केलाय.’ तीन: खडूची जाड रेघ. हो, त्यामुळे मिनिटभर इकडेतिकडे होईल, पण पाच नाही.

मग स्टेलॅरियम उघडलं. स्थळ पुणे, तारीख ३ जुलै. आधी अंदाज लिहून घेतले: २९ जणांनी १२:३५, अकरा जणांनी १२:४०, बाकीच्यांनी कोरं. वेळ पुढे सरकवली. सूर्य मध्यान्ह रेषेवर आला १२:३९ ला.

टाळ्या गजाला. ओळंबेवाला उभा राहून वाकला.

पण मग पुस्तक चुकलं का? नाही. पुस्तकाचं गणित सरासरी सूर्याचं, म्हणजे वर्षभर सारख्याच गतीने चालणाऱ्या कल्पित सूर्याचं आहे. खरा सूर्य कधी पुढे असतो, कधी मागे, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे. एवढंच सांगून थांबले. ‘मग नोव्हेंबरमध्ये किती?’ असा प्रश्न आला, त्याचं उत्तर स्टेलॅरियममध्ये एका कळीवर होतं. दाबली नाही. नोव्हेंबरमध्ये परत गज रोवू म्हटलं. नाराजी.

एकाने विचारलं, पूर्वी पुण्याची वेगळी वेळ असायची का? गावोगावी स्थानिक वेळच असायची. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने आपलं ३९ मिनिटं मागचं घड्याळ १९५५ पर्यंत चालवलं. ३९ का? मुंबईचा रेखांश सांगितला, त्यांनीच काढलं. घंटा झाली तरी दोघं फळ्यापाशी होते.

शनिवार, १२ जुलै

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला ती तारीख. इतिहासाच्या बाईंनी माझा तास मागून घेतला, मी मागे बसले. १२ जुलै १९६१. मुलांनी मराठी विकिपीडियावरचं वाचून आणलं होतं आणि घरच्या म्हाताऱ्यांना विचारून. एका मुलीची आजी तेव्हा सात वर्षांची, नारायण पेठेत. आजी म्हणाली, पाणी दुपारी चढलं, चुलीवरचं तसंच सोडून पर्वतीकडे पळालो. इंटरनेट म्हणतं, धरण सकाळी फुटलं. वर्गाचे सरळ दोन तट पडले: आजी विसरली की इंटरनेट चुकलं?

बाईंनी नकाशा मागितला. वर पानशेत, मध्ये खडकवासला, मग शहर. पानशेतचं पाणी आधी खडकवासल्यात आलं, मग तेही धरण गेलं. दोघंही बरोबर, एक धरणावरची वेळ सांगतंय, दुसरं घरातली. पर्वतीकडेच का पळाले, हे उंचीचे आकडे बघितल्यावर कुणी सांगावं लागलं नाही. एकाने लगेच शेजारशेजारच्या दोन वाड्यांची उंची मोजून ‘हा बुडला, हा वाचला’ असं ठरवायला घेतलं. त्याला थांबवलं. डोंगर आणि नदीकाठ यांतला फरक त्या नकाशात कळतो, दोन उंबऱ्यांतला नाही.

बाईंना मी एरवी ‘खडू-फळ्याच्या’ समजत होते. चूक माझी.

बुधवार, ३० जुलै

या दिवसांत एका दुपारी पुण्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आठवडाभर पाऊस. सावलीच काय, मैदानही दिसलं नाही.

विज्ञानात धारा विद्युत. फेटचं परिपथ जोडणीचं साधन. फेट कोलोरॅडो विद्यापीठातलं, कार्ल वीमन यांनी नोबेल मिळाल्यानंतर २००२ मध्ये सुरू केलं. बरीच साधनं मराठीत आहेत. ती पेनड्राइव्हवर घेऊन नऊही संगणकांवर घातली, इंटरनेटचा प्रश्न मिटला. एका संगणकाला पाच मुलं. पाच म्हणजे एक चालवणारा आणि चार सल्लागार, म्हणून दर तीन मिनिटांनी माउस पुढच्याकडे.

पहिली दहा मिनिटं वाया गेली असं कुणी म्हणेल. सगळ्यांनी घटाची दोन टोकं नुसत्या तारेने जोडून आग लावली. पडद्यावर ज्वाळा दिसतात ना. लावू दिली. घरी करून बघण्यापेक्षा इथे बरं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

रविवारी तपकीर गल्लीतून टॉर्चचे दिवे, होल्डर, तारा आणल्या होत्या. आज खरी जोडणी. ‘बाई, कॉम्प्युटरवर लागतो, इथे लागत नाही.’ सात गटांचं हेच. एका गटाजवळ बसले. होल्डरची पत्री काळपट. पॉलिश पेपरने घासली, तरी नाही. तार सोलताना आतले दोन-तीन धागेच उरले होते. परत सोलली, पीळ दिला. तरी नाही. शेवटी एका मुलीने दिवा होल्डरमध्ये अर्धा आटा जास्त फिरवला आणि तो लागला. पडद्यावर ना गंज, ना सैल आटा.

मग खरी गंमत. एक दिवा लावला, त्याला समांतर दुसरा जोडला. पडद्यावर पहिला तसाच राहतो. टेबलावर पहिला किंचित मंद झाला. ‘घट संपत आलाय’ असं निदान. नवा घातला, तरी थोडा मंद झालाच. संगणकावर परत गेलो आणि तिथे घटाचा अंतर्गत रोध (घट आतूनच विजेला करतो तो अडथळा) वाढवायची पट्टी आहे, ती थोडी सरकवली. पडद्यावरचे दिवेही मंदावले. म्हणजे पडद्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याचा घट आपल्या घटापेक्षा श्रीमंत होता. हे वाक्य एका विद्यार्थ्याचं, वहीतून उचललंय.

सोमवार, ८ सप्टेंबर

गणपतींमुळे नोंदी थांबल्या होत्या. मधल्या काळात इंग्रजीच्या सरांनी स्टोरीवीव्हर या मुलांच्या मोफत गोष्टींच्या स्थळावरच्या गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. तिथल्या गोष्टींचं भाषांतर करायला मुभा असते. बारीक पावसाच्या एका इंग्रजी शब्दावरून वर्ग अडला: रिमझिम, भुरभुर की झिमझिम? मत घेतलं, भुरभुर जिंकली. सर म्हणाले, इंग्रजीच्या तासाला एवढं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

काल रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, ११ ते जवळजवळ साडेबारा पूर्ण झाकलेला चंद्र. विसर्जनाच्या जागरणावर दुसरं जागरण. चौदा जणांनी पाहिलं. बाकीचे झोपले, काहींना ढग आडवे आले, तिघांना घरच्यांनी ग्रहणात गच्चीवर सोडलं नाही. त्या तिघांना वर्गात कुणी हसू नये म्हणून आधी स्टेलॅरियमवर कालची रात्र सगळ्यांनाच परत दाखवली. सिंहगड रोडच्या मुलीने रंग शब्दांत लिहून आणला होता: ‘देवळातल्या तांब्यासारखा, पण न घासलेल्या.’ पडद्यावरचा तिला फार गुळगुळीत वाटला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर ऊन स्वच्छ. गज, ओळंबा, खडू. या वेळी मामांनी न सांगता खोबणी साफ करून ठेवली होती. वर्तुळ ८० सेंटिमीटरचं काढावं लागलं, कारण सावली लांबली आहे.

अंदाज आधी. जुलैचा अनुभव म्हणून बहुतेकांनी १२:३९ किंवा ‘आणखी उशीर’. फक्त एकाने १२:२०. का, विचारलं तर, ‘कधी मागे असतो तर कधी पुढे असणारच ना.’

टोक आत ११:२० ला, बाहेर १:१७ ला. मध्य १२:१८ आणि अर्धं मिनिट. मध्यान्हाची सावली ७२ सेंटिमीटर, उत्तरेला. चार महिन्यांत सूर्य एकवीस मिनिटं लवकर यायला लागला आणि शाळेची घंटा मात्र तीच. १२:२० वाला दिवसभर हवेत होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बालदिनाचा कार्यक्रम लवकर संपला, उरलेला तास घेतला. जुलैपासून न दाबलेली कळ आज दाबली. स्टेलॅरियम, पुणे, १२:३५. पडद्याऐवजी पांढऱ्या फळ्यावर प्रोजेक्टर सोडला. चौकटी कंसाची कळ दाबली की सात दिवस पुढे. दर वेळी सूर्य जिथे दिसेल तिथे फळ्यावर मार्करचा ठिपका. एकेकाने पुढे येऊन एकेक. वीस-बावीस ठिपके झाले तेव्हा कमान वाटत होती. बावन्न झाले तेव्हा आठचा आकडा, एक पोट लहान, एक मोठं. पिवळा डाग नेमका मोठ्या पोटात.

त्यात आपला जुलैचा ठिपका आणि परवाचा कुठे ते त्यांनीच शोधलं आणि नावं घातली: ‘ढगांचा’ आणि ‘सुट्टीनंतरचा’.

आकडा असाच का, लहान पोट वरच का, हे पूर्ण समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं वाटलं. कक्षा आणि कललेला आस यांची दोन वेगळी चित्रं काढली, ती एकमेकांत मिसळतात एवढं बोलले. चार-पाच जणांच्या डोळ्यांत ते उतरलं, बाकीच्यांच्या नाही. पुढच्या वर्षी आधी कुणाकडून तरी मीच नीट शिकून येणार.

शाळा सुटताना मामा बादली-खराटा घेऊन मैदानात उभे. ‘बाई, हे वर्तुळ धुऊ का? सोमवारी कवायत आहे.’ २२ डिसेंबरपर्यंत नका धुऊ म्हटलं. त्या दिवशीच्या सावलीच्या अंदाजाच्या ४६ चिठ्ठ्या गोळा केल्या आहेत, पाकीट बंद करून कपाटात ठेवलं. माझी सत्तेचाळिसावी.